आजोबा थांबले होते

२ सप्टेंबर

आजोबा काही केल्या हाताला लागत नाहीत.

दुसऱ्यांच्या आजोबांबद्दल हवं तेवढं मिळालं. एकाने फुटलेला पाइप अंगातल्या सदऱ्याने बांधून अख्खी पाळी काढली. एकाने साहेबाच्या तोंडावर टोपी भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी तीच टोपी परत मागायला गेला! आणि माझे सख्खे आजोबा? मध्यम उंची, कमी बोलणं. संपलं.

मोठ्या पुराला यंदा सत्तर वर्षं होतात, म्हणून युनियन पुस्तिका काढते आहे – तलावावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरांची. लिहिणार मी. पहिलं प्रकरण आमच्याच घराचं, कारण पुराच्या पहाटे तलावाच्या दारावर आजोबांची पाळी होती आणि आज त्याच दारावर माझा धाकटा भाऊ आहे. आमच्या सेक्रेटरीने – सगळे त्याला लवंगी म्हणतात, जीव केवढासा पण सदा पेटलेला – मला बजावलं, ताई, आजोबा जोरात येऊ द्या.

जोरात! वडिलांनी स्वतःच्या बापाबद्दल उभ्या जन्मात धड चार वाक्यं उच्चारली नाहीत. घरात एकच फोटो. त्यातही आजोबा कडेला, आणि नजर फोटोच्या बाहेर कुठेतरी.

त्या पहाटेचं लोकांना एवढंच माहीत आहे – दार थोडं उघडलेलं सापडलं. त्या थोड्यामुळे काही पाणी वस्तीला वळसा घालणाऱ्या सांडव्यातून गेलं आणि खालची वस्ती अर्धी वाचली. अर्धी गेली. आजोबांचा जोडीदार दारावरच मेला, आजोबा जगले. मधलं कोरं.

५ सप्टेंबर

तलावाच्या साहेबाची नोटीस लागली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून दारावर एका पाळीला एकच माणूस. म्हणे मोटर बसवली आहे, बटण दाबायला दोघं कशाला?

वारा सुटला की आधी वीज जाते. वीज गेली की मोटर म्हणजे लोखंडाचा ठोकळा. मग उरतं हाताचं चाक. धाकट्याने मला एकदा वर नेऊन ते दाखवलं होतं. चाक एका कठड्याशी, खिट्टी पलीकडच्या कठड्याशी. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने दातेरी पट्टीच्या दर दाताला खिट्टी हाताने बसवायची – तेव्हा कुठे वर चढलेलं दार तिथे टिकतं. खिट्टी चुकली की दाराचं सगळं वजन चाकावर येतं आणि चाक उलटं सुटतं. समोर माणूस असेल तर माणसासकट. म्हणून दार बसलं त्या दिवसापासून तिथे जोडी. जोडीदार तापाने फणफणला तर बदली माणूस येईपर्यंत दुसरा जिन्याखाली बसून राहतो, एकटा वर पाऊल टाकत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहायची कधी गरज पडली नाही.

जेवताना धाकटा म्हणाला, "एक बरं होईल, रेडिओ माझ्या मनासारखा लावता येईल." भावजय ताटावरून उठून गेली. तिच्या मागे दोन्ही मुली. धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला, "तोफे, तू तरी बस." माझ्या भाषणांवरून तो मला तोफ म्हणतो.

ही नोटीस मी फाडून दाखवीन.

८ सप्टेंबर

आत्याला भेटून आले. वडिलांची थोरली बहीण, पुरात आठ वर्षांची होती. आता वृद्धाश्रमात असते. खालची, अंगणाकडची खोली मिळत होती ती नाकारून तिने सगळ्यात वरची मागून घेतली आहे. मदतनीस बाईने मोरीतला नळ सोडला, तशी आत्याने बोलता बोलता दोन्ही पाय पलंगावर ओढून घेतले. बोलणं थांबवलं नाही. आपण पाय घेतले हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

मी आजोबांचा विषय काढला तर म्हणाली, "कोण विचारतंय? माझी भाची की पुढारी?"

मी म्हटलं भाची. मग तिने सांगितलं. रडत नाही, थांबत नाही – जणू बाजारात काय भाव होता ते सांगते आहे.

पहाटे आजोबा धावत घरी आले. ओलेचिंब, एकटे. आजीने विचारलं, दार? त्यांनी तान्ह्याला – म्हणजे माझ्या वडिलांना – तिच्या हातून ओढून घेतलं, आत्याला पाठीवर घातलं आणि टेकडी चढायला लागले. आजी मागून. खालून माणसं हाका मारत होती. आजोबांनी वळून पाहिलं नाही. आत्याने पाहिलं. पाठीवरच्या मुलीला मान वळवायला कोण अडवणार!

दारावर जोडीदार एकटा राहिला. तो ओरडत होता, थोडंच राहिलंय, थांब. हे आजोबा पुढे तापात बरळायचे, दर तापात. जेवढं दार उघडलं तेवढं त्या एकट्याने. धावत जाऊन खिट्टी, धावत येऊन चाक. मग एकदा चुकलं, आणि चाक त्याच्या छातीवर आलं; तसाच सापडला तो.

चौकशीला आलेल्यांना वाटलं, दोघं शेवटपर्यंत होते, एक वाचला. आजोबांनी मान हलवली. बस्स, तेवढीच त्यांची साक्ष. आजी त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्याशी एकच शब्द बोलायची – जेवा.

मी उठले तेव्हा आत्या म्हणाली, "ते पळाले म्हणून तुझा बाप जगला. म्हणून तू आहेस. आता काय करणार? नसणार का?"

९ सप्टेंबर

पळाले.

लिहून बघितलं. शब्द कागदावर चांगला दिसत नाही.

११ सप्टेंबर

गेली पंचवीस वर्षं मी व्यासपीठावरून एकच गोष्ट सांगत आले – जागा सोडायची नाही. पुस्तकं ढीगभर वाचली, जगभरच्या संपांचे इतिहास पालथे घातले, त्या सगळ्याचा अर्क एवढाच काढला. गेटवरची माणसं माझ्याआधी ते वाक्य म्हणतात. जागा सोडायची नाही! आणि मी ज्यांच्या रक्ताची, त्यांनी जागा सोडली.

गंमत पाहा. नोटिशीच्या विरुद्ध याहून पक्का पुरावा मला शोधूनही सापडला नसता. दारावर दोघं होते. एक गेला. उरलेला चाकाखाली मेला आणि अर्धी वस्ती बुडाली. उभं राहून एवढं सांगायचं, खाली बसायचं. साहेबाला तोंड उघडायला जागा राहणार नाही. फक्त त्यासाठी आजोबांना लोकांपुढे नागवं उभं करायला हवं. शेजारी मलाही.

सकाळी लिहिलं – 'आजोबा मदत आणायला गेले.' खोडलं. मग – 'आजोबा काही काळ दारापासून दूर होते.' हे वाचून मला हसू फुटलं. हुबेहूब साहेबाच्या नोटिशीची भाषा!

दुपारी लिहिलं – 'आजोबा थांबले.'

लिहायला काही कष्ट पडले नाहीत, हात अडला नाही. भीती वाटली ती त्याचीच.

१३ सप्टेंबर

खालच्या वस्तीत स्मरणसभा. शाळेचा हॉल दाबून भरलेला, खिडक्यांत माणसं. वस्ती तलावाच्या इतकी खाली आहे की मागच्या खिडकीतून बघितलं तर दार डोक्यावर टांगल्यासारखं दिसतं. लोकांना सवय आहे. मला नाही.

ठरवून गेले होते – 'थांबले' एवढंच म्हणायचं, पुढे सरकायचं, नोटिशीवर यायचं. पण समोरची माणसं अशी काही ऐकायला लागली! पहिल्या रांगेत श्वासाचा आवाज नाही. आणि माझ्या तोंडून पुढचं येऊ लागलं. पहिल्याच लाटेत चाक उलटं सुटून जोडीदार मेला. आजोबा एकटे उरले. दोन्ही हात चाकावर आणि खिट्टी पायाने! पायाने खिट्टी – हे कुठून आलं? बोलत असताना मला ते दिसत होतं, देवाशपथ दिसत होतं. एक माणूस, एक चाक आणि मागे सबंध तलाव.

लोक उभे राहिले. लवंगीचे डोळे भरलेले. मागच्या रांगेत धाकटा बसलेला, मांडीवर त्याची धाकटी मुलगी झोपलेली. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. हात गुंतलेले होते.

सभा सुटल्यावर एक म्हातारा शिंपी पुढे आला. त्या मेलेल्या जोडीदाराचा मुलगा. पुराच्या वेळी तीन वर्षांचा, बापाचा चेहराही आठवत नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "बाप एकटाच मेला की काय, हेच जन्मभर टोचत होतं. सोबत कुणीतरी होतं तर. बरं वाटलं, ताई."

त्याचे हात अजून मला लागताहेत. त्याच्या बापाने केलेलं मी माझ्या आजोबांना देऊन टाकलं, आणि तो माझे आभार मानून गेला.

१४ सप्टेंबर

पुस्तिका आजच छापायला टाकायची आहे. फिरवायचं असेल तर आज. लवंगी सकाळपासून दारात. मी त्याला म्हटलं, तो पूर्ण परिच्छेद मला पुन्हा बघायचा आहे. तो म्हणाला, काल जे बोललात ते जसंच्या तसं घातलंय, पायाची खिट्टीसुद्धा.

मी म्हटलं, बरं.

२० सप्टेंबर

साहेबाशी बोलणी. पुस्तिका त्याच्या टेबलावर, मधे खूण घातलेली. चहा मागवला, साखर विचारली. माणूस चिडत नाही हेच त्याचं हत्यार. म्हणाला, मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा अंगावर काटा आला. मग पान उघडून हळू आवाजात, शब्द न चुकवता, माझंच मला वाचून दाखवलं. पुस्तिका मिटली.

"मोटर नव्हती, वीज नव्हती, तेव्हा तुमच्या आजोबांनी एकट्याने दार उघडलं. मग आज एक माणूस कमी कसा पडतो, एवढं मला समजावून सांगा."

लवंगी माझ्याकडे बघत राहिला. बाकीचे सगळे माझ्याकडे. मी बोलले. कामगारांच्या जिवाबद्दल बोलले, यंत्रांच्या मस्तीबद्दल बोलले, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, कप हिंदकळला. त्याच्या प्रश्नाला सोडून बाकी सगळ्याला उत्तर दिलं. साहेबाने रुमाल काढून चहा टिपला आणि म्हणाला, सुंदर बोलता.

२२ सप्टेंबर

लवंगीला गच्चीवर गाठलं. त्याला म्हटलं, पुस्तिकेतल्या आजोबांबद्दल मला काही सांगायचं आहे. त्याने झटकन हात वर केला.

"सांगू नका ताई. मला ठाऊक नसलं तर मी छातीठोक शपथ घेऊ शकतो."

म्हणजे त्याला वास लागला आहे. म्हणाला, तुम्ही आज उलट्या फिरलात तर साहेब म्हणेल, युनियनची पहिलीच गोष्ट खोटी, मग बाकीच्या मागण्यांचं काय? आणि वस्तीत आजोबांच्या नावाचा फलक लावायचं ठरलंय, वर्गणी नको म्हटलं तरी लोक देताहेत. खाली रस्त्यावर पाणी साचलेलं. हे पाणी जातच नाही हल्ली.

२७ सप्टेंबर

पाऊस तीन दिवस उघडलेला नाही. दाराच्या मनोऱ्यावर धोक्याची तांबडी रेघ आहे, धाकटा म्हणतो पाणी तिच्या खाली वीतभर. वर उभं राहिलं की दार थरथरतं म्हणे. "गाय अंगावरची माशी उडवते ना, तसं." असं सांगून हसला.

संध्याकाळी मी वर माझ्या खोलीकडे निघाले तर तो जिन्यात बसलेला. बूट काढत होता. एक काढून झाला, दुसरा तसाच पायात.

"ताई, एक विचारू? आजोबा खरंच थांबले होते?"

आत भावजय मुलींचा अभ्यास घेत होती. जिन्यात आम्ही दोघंच. साधा प्रश्न. हो किंवा नाही. मी हो म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं – पण नाही! आजोबांचा स्वभाव, त्या काळची माणसं, जबाबदारी, रक्त. जिन्यातल्या एका माणसापुढे मी सभा घेतली.

तो ऐकत होता. मान खाली, हातात बूट. माझं संपल्यावर म्हणाला, "छान बोलतेस गं तू." आणि दुसरा बूट काढायला लागला.

१ ऑक्टोबर

आजपासून एकच माणूस. जोडीदाराची बदली पंपघरात झाली. धाकटा जाताना भावजय दारापर्यंत आली आणि काहीच बोलली नाही. नेहमी काहीतरी बोलते – छत्री घ्या, लवकर या. आज नाही.

पाणी तांबड्या रेघेला टेकलं.

४ ऑक्टोबर

ठरलं. परवा वस्तीत नोटिशीविरुद्ध मोठी सभा आहे, तिथे सांगणार. फलक गेला खड्ड्यात. युनियन माझ्याशिवाय उभी राहील, नाही राहिली तर ती उभी नव्हतीच. साहेबाचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला खरं उत्तर एकच आहे. आजोबा पळाले, तुमचा माणूस एकटा मेला, त्याच दारावर आज माझा भाऊ एकटा आहे. इतकं बोलले की नोटीस टिकत नाही. आणि आधी शिंप्याच्या घरी जाऊन त्याला सांगायचं. सभेत त्याला असं कळता कामा नये.

स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हणून बघितलं – माझे आजोबा पळाले. भांड्यांच्या फळीला ऐकवलं. दुसऱ्यांदा आवाज कापला नाही.

६ ऑक्टोबर

शिंप्याकडे गेले होते. तो मशीनवर. भिंतीवर त्याने पुस्तिकेतलं पान कापून फ्रेम करून लावलं आहे. नातू शेजारी उभा राहून ते पान मला पाठ म्हणून दाखवायला लागला. शिंपी ऐकताना ओठ हलवत होता. मला सांगता आलं नाही. म्हटलं, सभेतच.

सभेत तो पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कपड्यांत.

मी उठले. पहिलं वाक्य जिभेवर होतं. लोकांनी माझ्या आधीच सुरू केलं – जागा सोडायची नाही! जागा सोडायची नाही! हॉल घुमायला लागला. मी हात वर केला, ते शांत झाले, आणि मी नोटिशीवर बोलले. जोरदार बोलले. आजोबांचं नाव घेतलं नाही. नाव न घेणं हेच आजचं माझं शौर्य.

उद्या. उद्या धाकटा घरी आला की आधी त्याला सांगेन. एकट्याला. मग बाकी जग.

७ ऑक्टोबर

दुपार. वीज गेली. वाऱ्याने समोरच्या घराचा पत्रा गेला.

तलावाचा भोंगा वाजतोय. एकसारखा.

धाकट्याची पाळी आहे. भावजय रस्त्यावर उभी आहे. मी निघते.

८ ऑक्टोबर

दार उघडलं. पूर्ण. पाणी सांडव्यातून गेलं आणि वस्ती कोरडी राहिली. एकही माणूस गेला नाही. एक सोडून.

आम्हाला पुलाच्या अलीकडे अडवलं होतं. तिथून मनोरा दिसतो. वर एक ठिपका चाकाशी. दार वर चढताना दिसत होतं – थोडं, मग थांबे, मग थोडं. तो एकटा खिट्टी कशी बसवत होता ते कुणाला कळेना. नंतर कळलं. खिट्टीला दोर बांधून त्याने तो स्वतःच्या कमरेला गुंडाळला होता. चाक फिरवायचं, अंग मागे टाकायचं, खिट्टी बसे. शेवटाला दोर तुटला.

सांडव्याच्या खाली सापडला. मीच ओळखलं. भावजयीला मी पुढे येऊ दिलं नाही.

त्याला निघून यायला वेळ होता. सगळे म्हणतात. भोंगा सुरू करून जिना उतरला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं, एकट्या माणसाला कोण विचारतं. पण तो थांबला. का थांबला ते मला ठाऊक आहे. आमच्या घरातले थांबतात, असं मी त्याला सांगितलं होतं.

१० ऑक्टोबर

शोकसभा. रस्त्यापर्यंत माणसं. साहेब आला, काळ्या कोटात. म्हणाला, या घराण्याने एकदा नाही, दोनदा दाखवून दिलं की एक माणूस काय करू शकतो. लोकांनी माना डोलावल्या. साहेबाला त्यांनी कधी मान डोलावली नव्हती! फलकावर आता दोन नावं. नोटीस आहे तिथेच आहे.

मी उभी राहिले आणि सांगितलं. सगळं. आजोबा पळाले. जोडीदार एकटा होता. दार जेवढं उघडलं ते त्याने उघडलं. मी खोटं बोलले, माझ्या खोट्याने नोटीस टिकली, भाऊ एकटा वर गेला. एक शब्द सजवला नाही. आयुष्यातलं सगळ्यात साधं भाषण.

कुणी रागावलं नाही. कुणी ओरडलं नाही. माझ्याकडे बघत होते ते – दयेने. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मागे कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय ताईंना. लवंगीने माइक हळूच काढून घेतला. आणि शिंपी उठून आला, माझा दंड धरला, मला खुर्चीत बसवलं. म्हणाला, "असं बोलू नये, बाई. थांबले होते ते."

आता ही गोष्ट माझ्या हातात राहिली नाही.

आज सकाळी दारावर नवा माणूस गेला. एकटा.

१३ ऑक्टोबर

आत्याकडे गेले. म्हटलं, मी त्याला मारलं. आजोबा पळाले हे त्याला ठाऊक असतं तर तोही आला असता निघून.

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झाले.

"त्याला ठाऊक होतं. त्याची थोरली मुलगी जन्मली तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं. तुझी पुस्तिका घेऊन आला होता मागे. मी म्हटलं, हिला विचार तरी, हे काय लिहिलंस म्हणून. तर म्हणाला, विचारलं आत्या. सांगेल ती आपणहून. घाई नाही."